सोडासोडी

मराठी भाषेत 'सोडा' या शब्दाइतका दगलबाज शब्द दुसरा नसेल. पूर्वी मी टेबलावर थाप मारून 'सोडा' म्हणालो, की पोऱ्या बाटली घेऊन धावत यायचा. आता मी आपल्या ओट्यावर गरिबासारखा बसलेला असतो आणि येणारा-जाणारा मला 'सोडा' म्हणतो. शब्द तोच, कानामात्रासुद्धा बदललेली नाही. फक्त तेव्हा तो मी उच्चारायचो आणि दुसरा पळायचा, आता दुसरा उच्चारतो आणि पळावंसं मला वाटतं.

खुलासा केलेला बरा. अस्मादिकांनी दारू सोडली त्याला येत्या दिवाळीत अकरा वर्षं पुरी होतील. मुक्काम पोस्ट निरवांगी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. गाव नीरेकाठचं. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. ही भौगोलिक सोय माझ्या पिण्याच्या दिवसांत फार उपयोगी पडे, कारण एका जिल्ह्यातली उधारी तुंबली की माणूस दुसऱ्या जिल्ह्यात नव्यानं अब्रूदार होतो. नोकरी एका साखर कारखान्यात, टाइम ऑफिसात. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडल्या आणि त्यातली निदान पंधरा वर्षं स्वतः हजर असून गैरहजर होतो. हे पुराण मी लांबवत नाही. दारुड्याच्या हकिकती ऐकणाराला मौजेच्या वाटतात, पण ज्या बाईनं त्या घरात काढल्या तिला त्यातली एकही मौजेची वाटत नाही, हे मला उशिरा कळलं. शेवटी थोरल्या मुलानं मला जीपमध्ये घालून पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं (पुन्हा 'सोडलं'!) आणि तिथून परत आलो तो आजतागायत थेंबाला शिवलेलो नाही.

गावानं माझं कौतुक केलं. सप्त्याच्या काल्याला शाल दिली, श्रीफळ दिलं. ज्या पारावरून मला उचलून घरी न्यावं लागे, त्याच पारावर मला उचलून धरण्यात आलं. महाराजांनी कीर्तनात वाल्याचा वाल्मीकी झाला तो दाखला माझ्याकडं हात करून दिला, तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना वाटलं विनय. खरं म्हणजे माझ्या गालात तंबाखूचा बार होता आणि मान वर केली असती तर वाल्मीकींना पिंक आवरली नसती.

माझी समजूत अशी झाली होती, की आपलं काम आटोपलं. एवढी मोठी गोष्ट सोडली, आता जन्मभर सावलीत बसायला हरकत नाही. पण तसं होत नाही. पिणाऱ्या माणसाला कुणी सुधारायला जात नाही. मी पीत होतो तेव्हा 'चहा जरा कमी करा' असं मला एकाही इसमानं सांगितलं नाही. पडक्या वाड्याला रंग कुठला द्यावा याची चर्चा कोण करतो? पण त्यातली एक खोली नीट शाकारली, की उरलेल्या भिंतींचे पोपडे साऱ्या गल्लीला दिसू लागतात. दारू सुटल्यावर दुसऱ्याच महिन्यापासून सुरुवात झाली. "नाना, येवढी मोठी दारू सोडली, मग ह्यो चहा काय चीज हाय?" "नाना, तंबाखू सोडा." "नाना, भजी सोडा." एका तरुण मंडळाच्या अध्यक्षानं तर मला दुपारची झोप सोडायला सांगितली. मी त्याला विचारलं, "तू काय सोडलंस?" तो म्हणाला, "मी काय धरलंच नाही." याला उत्तर नव्हतं.

आता त्या लोकांचं सगळंच चूक होतं असं नाही. दारू जाते तेव्हा घर रिकामं करून जाते आणि रिकाम्या घरात भाडेकरू लगेच शिरतात. माझ्याकडं पहिली शिरली ती साखर. दारू सुटलेल्याला गोडाची ओढ लागते, ही गोष्ट डॉक्टरांना चांगली ठाऊक आहे. मेंदूला चटकन मिळणाऱ्या खुशीची सवय झालेली असते, एक दुकान बंद झालं की तो दुसऱ्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसतो. माझा चहा दिवसाला दोन कपांवरून दहा-अकरावर गेला आणि दर कपात तीन चमचे साखर. ज्याच्या हाताला खिशात चपटी असायची, त्याच्या खिशात गुळाचा खडा निघू लागला. धोतराला मुंग्या लागत.

यात एक गंमत होती, ती साखर कारखान्यात आयुष्य घालवलेल्याच्याच ध्यानात येईल. आमचा सगळा मुलूख उसाचा. 1885 च्या सुमारास भाटघरच्या पाण्याचा नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर पुढं ऊस उभा राहिला. त्या उसाचा रस काढायचा, आटवायचा, साखर वेगळी करायची. मागं उरते ती काळी मळी. त्या मळीचं आंबवण करून उकळलं की निघतो मद्यार्क. म्हणजे साखर आणि दारू या सख्ख्या बहिणी, एकाच गव्हाणीतून निघालेल्या. मी धाकटीला सोडचिठ्ठी दिली आणि थोरलीला घरात आणून बसवली, आणि वर शाल-श्रीफळ घेतलं!

बहिणींवरून आठवलं. पुण्याला येरवड्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट या जोडप्यानं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारानं ते उभं केलं. त्या काळात पुण्या-मुंबईची पोरं गर्दच्या नादी लागली होती आणि गर्दला म्हणत ब्राउन शुगर. आमच्या ऑफिसात ही बातमी वाचून एक ज्येष्ठ सहकारी गंभीरपणे म्हणाले होते, "ब्राउन शुगर? म्हणजे खांडसारी. ती खाऊन कोण मरतंय?" त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. हसणाऱ्यांत संध्याकाळी गुत्त्यावर जाणारे चौघं होते. पुण्याच्या पोरांचं व्यसन आम्हाला व्यसन वाटत होतं; आमचं आम्हाला संध्याकाळ वाटत होती.

चहा-साखरेचं असो. त्यांचा निकाल रक्ताच्या तपासणीनं लावला आणि मी तीन चमच्यांवरून दीडवर आलो. खरी गोष्ट तंबाखूची. आमच्या भागात तंबाखू हे व्यसन धरत नाहीत, ती ओळख धरतात. बांधावर दोन अनोळखी माणसं भेटली, की एक चंची काढतो, दुसरा चुन्याची डबी काढतो आणि तंबाखू मळून होईतो दोघांचं गोत्र निघतं. लग्न जमवताना मुलाच्या माहितीत 'मुलगा निर्व्यसनी' असं लिहितात. मी अशा कितीतरी निर्व्यसनी मुलांना बोहल्यावर चढण्यापूर्वी मांडवामागं बार थुंकताना पाहिलंय. निर्व्यसनी म्हणजे दारू न पिणारा, हा अर्थ कोशात नसेल, पण इंदापूर तालुक्यात आहे. सरकारचंही साधारण असंच. महाराष्ट्रात दारू प्यायला 1949 च्या कायद्यानं आजही परवाना लागतो. तंबाखू विकायला वयाची आणि शाळेपासूनच्या अंतराची अट आहे, 2012 पासून गुटख्याला बंदी आहे. पण प्रौढ माणसानं बांधावर बसून बार भरायला कुणाचा परवाना लागत नाही.

आणि ही पाहुणी काही आपल्याकडची नव्हे. पोर्तुगीजांनी ती आणली. विजापूरच्या आदिलशाहीत ती रुळली आणि 1604 च्या आसपास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना रत्नजडित चिलमीसकट ती आग्र्याला घेऊन गेला. बादशहानं दोन झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली, की आमच्या ग्रंथांत या वनस्पतीचं नाव नाही, आम्ही काय सांगणार? पुढं 1617 मध्ये जहांगिरानं फर्मान काढून तंबाखू बंद केली. फर्मान गेलं, जहांगीर गेला, मोगलाई गेली, तंबाखू आहे. त्यात जहांगीर स्वतः दारू आणि अफूचा केवढा शौकीन! म्हणजे माझ्याच जातीचा, फक्त उलटा. मी दारू सोडून तंबाखू धरून बसलो होतो, तो दारू धरून तंबाखू सोडवत होता. आपली एक खोड ठेवून दुसऱ्याची काढायची, ही रीत बादशाही आहे.

पण मला खरा आधार वाटायचा तो एका अमेरिकन माणसाचा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे आमच्या भाषेत 'एए', ही दारुड्यांनी दारुड्यांसाठी चालवलेली संघटना 1935 मध्ये अमेरिकेत निघाली. ती काढणाऱ्या दोघांपैकी एक बिल विल्सन. 1934 च्या डिसेंबरात त्यानं शेवटचा प्याला घेतला आणि मरेपर्यंत, छत्तीस वर्षं, पुन्हा घेतला नाही. त्याच्या वाटेनं जगभर लाखो लोक सुटले, त्यांत मीही एक. हा माणूस सिगारेट ओढायचा. सोडताना दारूच सोडायची, बाकीचं मग बघू, असं त्या काळात सगळेच मानत. त्यांच्या सभांत धूर आणि कॉफी यांची रेलचेल असे. मी हे कुठंसं वाचलं आणि केवढा खूश झालो! कुणी 'तंबाखू सोडा' म्हणालं की मी बिल विल्सनचा दाखला द्यायचो. त्याला मी गुरुस्थानी मानलं होतं.

गुरूचं चरित्र अर्धवट वाचू नये. तो 1971 मध्ये गेला तो फुप्फुसं निकामी होऊन गेला. दारूनं ज्याला मारलं नाही, त्याला सिगारेटीनं मारलं. आणि तो एकटा नव्हता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी व्यसनाचे उपचार घेऊन गेलेल्या 845 जणांचा पुढं कित्येक वर्षं माग ठेवला आणि 1996 मध्ये हिशेब छापला. त्यांच्यापैकी जे 222 वारले, त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूशी निगडित कारणांनी गेले आणि दारूशी निगडित कारणांनी गेले सुमारे चौतीस टक्के. लोक वाघाच्या तोंडातून सुटले आणि घरच्या मांजरानं खाल्ले, असा हा प्रकार.

हे आकडे मी नंतर वाचले. त्याआधी एक आकडा माझ्या जवळ येऊन बसला होता. केंद्रात माझ्या शेजारच्या खाटेवर बारामतीकडचे एक गृहस्थ होते. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं रात्रभर थरथरत असू आणि एकमेकांना 'फक्त आजचा दिवस' असं बजावत असू. दोघंही सुटलो. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, "नाना, हजर?" मी म्हणायचो, "हजर." टाइम ऑफिसातल्या माणसाशी हे बोलणं त्यांना फार मजेचं वाटे. त्यांच्या जबड्याला गाठ आली ती त्यांनी दाढ दुखतेय म्हणून सहा महिने लवंग धरून काढले. मग परळला टाटा हॉस्पिटल, ऑपरेशन, शेक. शेवटच्या दिवाळीला फोन त्यांच्या मुलानं लावून दिला. पलीकडून नुसता एक घोगरा आवाज आला, शब्द नव्हता. मी "हजर" म्हणालो. दहाव्याला गेलो तेव्हा एक पुढारी बोलले, की गेलेला माणूस निर्व्यसनी होता. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. गालात बार होता.

इथं मी सुधारलो असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. मी घरी येऊन हातपाय धुतले आणि मन शांत व्हावं म्हणून आणखी एक चिमूट मळली.

माझी बाजूही ऐका. तो वकिली मुद्दा नव्हता, मी खरंच तसं मानत होतो. माझं म्हणणं असं, की माणसाच्या अंगात सोडण्याची ताकद मोजकी असते. ती मी एका मोठ्या कामाला खर्च केली. आता जे उरलं आहे ते मला विरंगुळा म्हणून राहू द्या. शिवाय सोडण्याचीही नशा असते. आमचे एक परिचित आहेत. त्यांनी आधी मांस सोडलं, माळ घातली, फार चांगलं झालं. मग कांदा-लसूण सोडला, मग चहा, मग मीठ, मग रात्रीचं जेवण. आता ते कुणाच्या घरी गेले की घरधनीण घाबरते, कारण त्यांना काय चालतं यापेक्षा काय चालत नाही हे सांगायला त्यांना अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो मी तिसऱ्या पेगनंतर आरशात पाहिलेला आहे.

उलट आमची आजी काशीला गेली होती. काशीला गेलं की एक आवडती वस्तू सोडून यायची असा आपल्याकडं रिवाज. आजीनं कारलं सोडलं. तिला कारलं जन्मात कधी आवडलं नव्हतं. आयुष्यभर ती ताटात कारलं आलं की "मी काशीत सोडलंय हो" असं अभिमानानं सांगायची. आजी नव्वद वर्षं जगली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय, की उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी मात्र मागं राहते. आजीनं विषय असा निवडला, की गोडीचा प्रश्नच येऊ नये. हे दोन दाखले पुढं करून मी म्हणायचो, बघा, सोडण्यात काही पुण्य नाही. एक सोडलं, बस्स झालं.

मग गेल्या वर्षी खालच्या ओठाच्या आत, जिथं बार धरतो तिथं, तिखट लागलं की चरचरायला लागलं. सुनेनं हट्टानं बारामतीला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. पोरगेलेसे डॉक्टर होते. त्यांनी ओठ उलटा करून आरसा धरला.

"तंबाखू किती?"

"फार नाही."

"फार नाही म्हणजे?"

"दोन पुड्या. कधी अडीच."

"पांढरा चट्टा आहे. तुकडा तपासायला पाठवू. तंबाखू आजपासून बंद."

मी खुर्चीत सावरून बसलो आणि माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी दहा वर्षांपूर्वी दारू सोडलीय. पूर्ण."

"फार चांगलं केलंत," ते हातमोजे काढत म्हणाले, "पण हे त्या चट्ट्याला कुणी सांगितलेलं नाही."

तपासणीचा निकाल यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी जेवढा विचार केला तेवढा उभ्या आयुष्यात केला नसेल. आणि विचार करायला मला माझं मस्टरच कामी आलं. आमच्याकडं एक फिटर होता. एक वर्ष त्यानं एकही खाडा केला नाही, म्हणून त्याचा सत्कार झाला. दुसऱ्या वर्षी तो मनाला येईल तेव्हा दांडी मारायचा आणि मी खाडा लावला की भांडायला यायचा, "साहेब, गेल्या वर्षीची हजेरी बघा की!" मी त्याला सांगायचो, "बाबा, गेल्या वर्षीच्या हजेरीचा पगार गेल्या वर्षीच झाला." हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन! आणि खुर्चीत बसून डॉक्टरला मी काय सांगत होतो? गेल्या वर्षीची हजेरी बघा की!

दारू सोडल्याचा पगार मला पुरेपूर मिळाला होता. यकृत शाबूत राहिलं, मुलगा पुन्हा 'आबा' म्हणून हाक मारू लागला, घरधनीण रात्री दाराकडं न बघता झोपू लागली. तंबाखूच्या खात्यावर त्यातला एक पैसा वळता होणार नव्हता. दर व्यसनाचं मस्टर वेगळं असतं. 'एवढी मोठी सोडली, मग ही काय चीज' म्हणणारे चुकत होते, कारण एक सोडल्यानं दुसरी सोडायची जबाबदारी वाढत नाही. आणि 'एवढी मोठी सोडली, मग ही राहू द्या' म्हणणारा मी चुकत होतो, कारण एक सोडल्यानं दुसरीला परवाना मिळत नाही. ताकद मोजकी असते, हेही खरं निघालं नाही. 2004 मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात दिसलं की व्यसनाच्या उपचारातच ज्यांना तंबाखू सोडायलाही मदत मिळाली, त्यांच्या दारूपासून लांब राहण्याची शक्यता कमी न होता उलट सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढली.

निकाल आला. कॅन्सर नाही. "अजून नाही," डॉक्टर म्हणाले. मराठीत 'सोडा'नंतरचा दगलबाज शब्द 'अजून'.

मी तंबाखू सोडली. म्हणजे, जाहीर केली. चंची नातीच्या हातानं चुलीत टाकली. नात चौथीत आहे. तिनं विचारलं, "आबा, दारू सोडायला तुम्हाला पुण्याला नेलं होतं ना? मग तंबाखूला कुठं नेणार?" मी म्हणालो, "तंबाखूला कुठं जावं लागत नाही, ती काय दारू आहे?" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकायला म्हणून गेलो आणि भिंतीतल्या देवळीत हात घातला. पेंडीच्या पिशवीमागं मी एक पुडी ठेवून दिली होती. हात आत गेला आणि तिथंच थांबला. ती देवळी कोणती होती ते त्या हाताला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी चपटी तिथंच असायची. जागा तीच, पेंडीची पिशवी तीच, मागं वळून 'कुणी बघतंय का' म्हणून बघणारी मान तीच. बदलला होता तो फक्त माल.

त्या क्षणी मला असं वाटलं की आपल्याला मोठं तत्त्व सापडलं. जी वस्तू माणूस उघड्यावर घेतो ती सवय. जी लपवतो ते व्यसन. चहा मी सगळ्यांदेखत पितो, तो राहू दे. देवळीत जाईल ते सोडायचं. पुडी मी उकिरड्यात पुरली आणि आत जाऊन मोठ्या उत्साहानं हे तत्त्व आमच्या मंडळींना सांगितलं. ती ओसरीला टेकून शांतपणे मिश्री लावत होती.

तिनं बोट तोंडातून काढलं. "आवं, म्हंजे माझी मिश्री चालंल. मी कुटं लपिवती?"

मी गप्प झालो. चाळीस वर्षं ती तव्यावर तंबाखू भाजून, वाटून, डबीत भरून सगळ्या आळीसमोर मिश्री लावत आली होती. माझी दारू काढायला जिनं जीव पाखडला, तिच्या हातात रोज सकाळ-संध्याकाळ तीच वनस्पती होती, आणि मला ती कधी दिसली नव्हती. दिसणार कशी? माझी सगळी नजर माझ्याच देवळीकडं. तिच्या हिरड्यांवर डॉक्टरचा आरसा कुणीच धरला नव्हता. माझं तत्त्व पाच मिनिटांत निकालात निघालं.

सुनेनं तिलाही बारामतीला नेलं. चट्टा नव्हता, पण हिरड्या दातांवरून खाली सरकल्या होत्या आणि सोडायचा हुकूम झालाच. ती म्हणाली, "सोडीन की. तुमी दारू सोडली, मला काय मिश्री जड हाय?" (पुन्हा माझी गेल्या वर्षीची हजेरी!) आठ दिवस ती भलतीच कडक होती. भांडी जरा जोरात वाजत, इतकंच.

परवा मी देवघरात निरांजनासाठी वात शोधत होतो. देवाच्या फळीमागं हात गेला आणि बोटांना डबी लागली. मिश्रीची. चाळीस वर्षं ओसरीत उघडी असलेली डबी पहिल्यांदाच लपलेली.

वर्षापूर्वीचा मी असतो तर हाक मारून गाव गोळा केलं असतं. पण मी डबी हातात घेऊन उभा राहिलो आणि मला वेगळंच काही उमजलं. लपवणं हे व्यसनाचं लक्षण नसावं. ते कळल्याचं लक्षण असावं. जोवर कळलेलं नसतं तोवर माणूस ओसरीत बसून बिनघोर मिश्री लावतो. कळलं, की पहिल्यांदा लपवतो. मग कधीतरी टाकतो. किंवा टाकत नाही. पण लपवण्याच्या स्टेशनावरून गाडी जातेच. आणि त्या स्टेशनावर माझी गाडी पंधरा वर्षं उभी होती, तेव्हा देवळीतली चपटी तिला ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? गोठ्यातली पेंड तीच काढायची.

मी डबी होती तिथं ठेवली, वात घेतली, निरांजन लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहाचं आधण ठेवलं. ती आली, भांड्यात डोकावली आणि म्हणाली, "साखर किती टाकली?"

"एक चमचा," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिनं साखरेचा डबा उचलला, जरा हलवून बघितला आणि गुमान फळीवर ठेवून दिला.

दोन होते.